काळ्या मातीतले बेट

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे मुलाने हाडांची पेटी विकत घ्यावी, पांढरा कोट शिवून घ्यावा आणि शरीररचनेवरचा एखादा जाडजूड इंग्रजी ग्रंथ उशाशी घेऊन झोपावे, अशी आपल्याकडे रूढ कल्पना आहे. परंतु वर्धा शहरापासून आठ किलोमीटरांवर, सेवाग्राम येथे, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था या नावाचे जे महाविद्यालय १९६९ पासून चालत आले आहे, तेथे दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या पंधरवड्यात मानवी हाड पडत नाही, खराटा पडतो. या पंधरा दिवसांत त्याचा मुक्काम गांधीजींच्या आश्रमात असतो. पहाटे अंधार असतानाच उठावे, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाखाली प्रार्थनेस बसावे, अंगण झाडावे, भाजी चिरावी, आपले ताट आपण घासावे आणि दुपारी चरख्यापुढे बसून दर दोन हातांवर तुटणारे सूत पुन्हा पुन्हा जोडीत राहावे, असा एकंदर दिनक्रम. दिल्लीच्या, केरळच्या वा मणिपूरच्या शहरी घरातून आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हा सारा प्रकार पाहून प्रथम चकित होतो, मग वैतागतो आणि पंधरवडा सरताना, कोणी पाहत नसेल तर, थोडासा रमतोही.

या महाविद्यालयाला आम्ही बेट म्हणतो ते उगाच नव्हे. सेवाग्रामच्या चहूंकडे पाणी नाही हे खरे. पण कपाशी आणि तूर यांच्या काळ्या रानाचा जो विस्तार क्षितिजापर्यंत पसरलेला दिसतो, त्यास समुद्र म्हणण्यास हरकत नसावी, आणि आषाढात ती माती एकदा भिजली म्हणजे चपलेस जी चिकटते ती समुद्राहूनही अधिक परिणामकारक रीतीने माणसाला जागच्या जागी अडकवून ठेवते. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग येथून हाकेच्या अंतरावर एकमेकांस मिळतात, त्यामुळे भारताच्या कोणत्याही कोपऱ्यातून निघालेला विद्यार्थी येथवर सुखाने पोचतो. एकदा पोचल्यावर मात्र संध्याकाळी जावे कोठे, हा प्रश्न त्याला पाच वर्षे पुरतो. वर्ध्यास जाऊन तर्रीपोहे खावेत, गोरसपाकाचा पुडा घेऊन यावा आणि तो वसतिगृहाच्या पायरीवर पाच जणांत संपवावा, ही येथील चैनीची परिसीमा होय.

गाव मुळात बेटासारखे अलग होते म्हणूनच निवडले गेले. १९३४ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजी वर्ध्यास आले. तेथून ३० एप्रिल १९३६ रोजी ते पायी चालत सेगाव नावाच्या सहा-सातशे वस्तीच्या खेड्यात येऊन राहिले. या गावाच्या मालगुजारीत बजाजांचा मोठा हिस्सा होता, म्हणून जागेची तजवीज सुलभ झाली. बाकी पक्की सडक नाही, टपालकचेरी नाही, आणि हिवताप मात्र मुबलक. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात खुद्द गांधीजींना हिवतापाने गाठले व त्यांना वर्ध्याच्या सरकारी इस्पितळात हलवावे लागले. पुढे बुलढाण्याकडील शेगाव आणि वर्ध्याचे सेगाव यांच्या नामसादृश्यामुळे टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. टपालखात्याच्या सोयीतून इतके अर्थपूर्ण नाव निपजल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

ज्या पुरुषाच्या नावाने हे महाविद्यालय उभे आहे, त्याचे डॉक्टरांविषयीचे मत मात्र फारसे अनुकूल नव्हते, हे येथील प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी कळते आणि त्याची मोठी गंमत वाटते. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये गांधीजींनी वकिलांच्या जोडीने डॉक्टरांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. मनुष्य अतिरेकाने खातो, अजीर्ण होते, डॉक्टर गोळी देतो, मनुष्य बरा होऊन पुन्हा अतिरेकाने खातो. तेव्हा डॉक्टरने रोग बरा केला की रोगाचे कारण कायम केले, असा तो युक्तिवाद आहे. तथापि मतांचा कायदा शरीर दरवेळी पाळतेच असे नाही. जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात असताना, आंत्रपुच्छाच्या विकाराने त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणावे लागले. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करीत असता विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. उलटपक्षी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील स्थानबद्धतेत कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात असता, त्या काळी अतिदुर्मिळ असलेले पेनिसिलिन विमानाने आणवले गेले, तेव्हा क्षीण झालेल्या त्या शरीरास दर काही तासांनी सुई टोचण्यास गांधीजींनी संमती दिली नाही. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या.

या प्रसंगी त्या स्थानबद्धतेत डॉक्टर म्हणून एक तरुणी हजर होती. डॉ. सुशीला नय्यर, गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल यांची धाकटी बहीण, दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयाची पदवीधर. डॉक्टरांवर टीका करणाऱ्या माणसाची डॉक्टर होऊन राहणे हे सोपे काम नव्हे, आणि आमच्या मते सेवाग्रामच्या महाविद्यालयाचे बीज याच अवघड नात्यात शोधले पाहिजे. सुटकेनंतर त्यांनी सेवाग्रामात दवाखाना सुरू केला. बिर्ला कुटुंबाने बांधलेल्या अतिथिगृहात १९४५ मध्ये स्त्रिया व बालके यांच्यासाठी १५ खाटांचे कस्तुरबा रुग्णालय झाले. पुढे त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आल्या, आणि १९६२ ते १९६७ या काळात केंद्र सरकारच्या आरोग्यमंत्री झाल्या. खेड्यात डॉक्टर जात नाहीत, ही तक्रार दिल्लीच्या दप्तरांत तोवर जीर्ण झाली होती. मग महाविद्यालयच खेड्यात नेऊन पाहावे, हा विचार लालबहादूर शास्त्री यांनी बोलून दाखविला, आणि त्यास मूर्त रूप देण्याची जबाबदारी नय्यरबाईंनी अंगावर घेतली. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ मध्ये, ६० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली. खर्चाची वाटणी अशी ठरली की निम्मा भाग केंद्र सरकारने, पाव भाग महाराष्ट्र सरकारने व उरलेला पाव भाग सोसायटीने उचलावा. जागांचीही वाटणी झाली: निम्मे विद्यार्थी महाराष्ट्राचे, निम्मे उर्वरित भारताचे.

प्रवेशपरीक्षेत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र यांच्या जोडीला गांधीविचार या विषयाची एक उत्तरपत्रिका अनेक वर्षे लिहावी लागे. हेतू उदात्त होता यात शंका नाही. पण परीक्षा म्हटली की मार्गदर्शिका आली, आणि मार्गदर्शिका आली की सत्य व अहिंसा यांचेही पाच-पाच मुद्दे झाले. ज्या मुलाने आयुष्यात कधी चरखा पाहिला नव्हता तो चरख्याच्या अर्थशास्त्रावर दीड पान अस्खलित लिहून येई. पुढे सर्व देशाला एकच प्रवेशपरीक्षा लागू झाली तेव्हा ही उत्तरपत्रिका इतिहासजमा झाली. कित्येक जुन्या मंडळींना त्याचे वाईट वाटले, आम्हांस मात्र वाटले नाही. आश्रमाचे अंगण झाडताना गांधी जेवढा कळतो तेवढा पुरे.

येथील जीवनाचे नियम बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतात. विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी खादी वापरावी, भोजनगृहात शाकाहार, मद्य व धूम्रपान वर्ज्य, शुक्रवारी श्रमदान आणि सायंकाळी सर्वधर्मप्रार्थना. विदर्भातील मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पलीकडे गेलेला असता, खादीचा सैल सदरा हा नियम नसून उपकार ठरतो. परंतु पावसाळ्यात तोच सदरा दोन-दोन दिवस वाळत नाही. वयाच्या विसाव्या वर्षी कोणताही नियम मोडावासा वाटतो, आणि खादीचा नियम मोडण्याचे जे शंभर सूक्ष्म प्रकार विद्यार्थ्यांनी शोधून काढले त्यांत त्यांची कल्पकता वाखाणण्यासारखी दिसते. आमचे मत विचाराल तर वस्त्राने मनुष्य बदलतो यावर आमचा विश्वास नाही. मात्र एक लाभ निःसंशय आहे: पांढऱ्या खादीतील डॉक्टर आणि धोतर-टोपीतील रुग्ण बाकावर शेजारी बसले म्हणजे त्यांच्यातील अंतर, कपड्यापुरते तरी, थोडे कमी दिसते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळू. पहिल्याच वर्षी या विद्यार्थ्यांची संपूर्ण तुकडी पंधरा दिवसांसाठी आसपासच्या एखाद्या गावात राहावयास जाते. ते गाव त्या तुकडीचे दत्तक गाव. प्रत्येक विद्यार्थ्यास तीन-चार कुटुंबे नेमून दिलेली असतात, आणि शिबिर संपल्यावरही त्याने दरमहा त्या कुटुंबांकडे जात राहावे असा दंडक आहे. अद्याप त्याला औषधांतले काही कळत नसते, नाडी पाहता येते न येते. सबब तो डॉक्टर म्हणून जातच नाही, पाहुणा म्हणून जातो, आणि हीच त्या योजनेची खुबी आहे. मुलांची वजने घ्यावीत, पापणी खाली ओढून आतली लाली पाहावी, पिण्याचे पाणी कोठून येते व सांडपाणी कोठे जाते याची नोंद करावी, असे त्याचे काम. पण कागद भरून झाल्यावर ओसरीवर जे अर्धा तास बसणे होते, त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्याही कागदावर नसते.

या बसण्यातून पहिली गोष्ट तो शिकतो ती भाषा. पाठ्यपुस्तकातील लक्षणांची यादी आणि वऱ्हाडी माणसाच्या तोंडची लक्षणे यांची गाठ पडता पडत नाही. ‘काय होते, माय?’ असे विचारावे, तर ‘काई नाई जी, निस्ती कनकन रायते’ असे उत्तर येते. आता ही कणकण म्हणजे ताप की थकवा, की दोन्ही, हे ठरविण्यास मल्याळी मुलाला वर्ष लागते. चकरा येऊन रायल्या, जीव घाबरून रायला, अंगावरून जाते, हिव भरते: या प्रत्येक शब्दप्रयोगाच्या मागे निदानाची एक-एक वाट आहे. आणि ‘औषध’ हा शब्द तर सर्वांत फसवा. या भागात पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. ‘औषध घेतलं’ असे नातेवाइकाने रात्री अपघातविभागाच्या दारात सांगितले म्हणजे गोळी घेतली की कीटकनाशक प्याले, हे चेहऱ्यावरून ओळखता आले पाहिजे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करताच विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा हा शब्द सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. येथील विद्यार्थ्याला तो पूर्वीपासून ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. रक्तक्षयाच्या गोळ्या जेवणानंतर घ्या, असे सांगणे सोपे; परंतु घरातील बाई जेवते केव्हा, सर्वांचे झाल्यावर काय उरते, आणि निंदणाच्या दिवसांत पहाटे निघालेली ती दुपारची शिदोरी कोणाबरोबर वाटून खाते, हे त्या घरी महिनोन्‌महिने गेल्यावाचून कळत नाही. कपाशीची वेचणी सुरू झाली की बायका दवाखान्यात दिसेनाशा होतात, कारण वेचणीची मजुरी वजनावर आहे आणि एक दिवस बुडाला तर तेवढे किलो बुडाले. सालदाराचा करार, पोळ्यापूर्वीची उधारी, कापूस विकल्यावर हाती येणारा पैसा, या सर्वांचा रोगाशी संबंध असतो: शस्त्रक्रिया पुढे ढकलणारा रोगी अडाणी नसतो, तो कापूस विकला जाण्याची वाट पाहत असतो. जिल्ह्यात दारूबंदी असूनही यकृत सुजलेले रोगी का येतात, याचा उलगडाही ग्रंथालयात होत नाही, गावाच्या कडेला होतो.

प्रत्यक्ष रोगांच्या बाबतीतही या भूमीचा स्वतःचा असा एक अभ्यासक्रम आहे. सिकलसेल नावाचा आनुवंशिक रक्तदोष विदर्भात बराच आढळतो. रक्तातील प्राणवायू उणावला की तांबडी पेशी आपला वाटोळा आकार टाकून विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि रोग्याचे हाडन्‌हाड ठणकू लागते. शेतकऱ्याच्या पोराला विळ्याची उपमा समजावून सांगावी लागत नाही, हा एक योगायोग. आणि साप! बापूकुटीत आजही एक लाकडी चिमटा व पेटी ठेवलेली आहे. आश्रमात साप निघाला म्हणजे तो न मारता त्या चिमट्याने धरून, पेटीत घालून, दूर रानात सोडीत. तेथून चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेल्या रुग्णालयात पावसाळ्यात सर्पदंशाचे रोगी येऊ लागतात. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटतात, श्वास थकतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हे दुसरे ओळखण्याची जी कसोटी विद्यार्थ्याला शिकवतात, ती पाहून आम्हांस फार समाधान वाटले: रोग्याचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यावे, २० मिनिटे तसेच निवांत ठेवावे, मग नळी तिरपी करावी. गोठलेले रक्त जागचे हलत नाही. पातळ राहिले तर विष भिनले आहे. ना यंत्र, ना वीज. एक काचेची नळी, एक घड्याळ आणि वीस मिनिटे थांबण्याचा धीर. चार सापांवर मिळून चालणारी प्रतिविषाची लस मग द्यावयाची. गांधीजींच्या चिमट्याचे आणि या नळीचे एकमेकांशी काही नाते असावे असे आम्हांस उगाच वाटत राहते.

गावाशी जडलेल्या या संबंधातून उपजलेली सर्वांत विलक्षण गोष्ट मात्र वैद्यकीय नसून हिशेबाची आहे. १९८०च्या सुमारास येथील अध्यापक डॉ. उल्हास जाजू व त्यांचे सहकारी यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविम्याची जी योजना उभी केली, तिचा हप्ता ज्वारीत भरावयाचा होता. सुगी झाली, खळे निघाले, की ज्याची जमीन अधिक त्याने अधिक ज्वारी द्यावी आणि भूमिहीनाने ठरावीक अल्पसा वाटा द्यावा. गावातील तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाली तरच ती योजना त्या गावास लागू व्हावी. अचानक उद्भवलेल्या आजारात रुग्णालयातील उपचार मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी कळणाऱ्या गोष्टींत रोग्याने खर्चाचा चौथा हिस्सा सोसावा. यात बारकावा असा की पैशाचा हप्ता माणूस टाळतो, कारण पैसा सदैव दुसऱ्या कोणाला तरी देणे असतो. खळ्यावर मोजून दिलेली पायली मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत दिलेली असते. शिवाय ज्याने ज्वारी दिली त्याला दवाखान्यात ताठ मानेने उभे राहता येते. तो धर्मादायाचा याचक राहत नाही. विमा या विषयावर मोठमोठ्या कंपन्यांची पत्रके आम्ही वाचली आहेत, परंतु हप्ता केव्हा मागावा, याचे इतके अचूक ज्ञान त्यांत आढळले नाही. पुढे विदर्भातील रानांतून ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन आले, ही त्या योजनेच्या नशिबी आलेली गोष्ट होती. सोयाबीन घरात साठवून कोणी खात नाही.

बेटाचा विषय निघालाच आहे, तर खऱ्याखुऱ्या बेटांवरील वैद्यकीय महाविद्यालयांकडे एकवार दृष्टी टाकणे उचित होईल. कॅरिबियन समुद्रात १९७०च्या दशकापासून अशी कित्येक महाविद्यालये निघाली. साबा नावाचे बेट केवळ १३ चौरस किलोमीटरांचे, वस्ती सुमारे २,०००, विमानाची धावपट्टी ४०० मीटर. तरी तेथे एक वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या देशात जागा न मिळालेले अमेरिकेतील व कॅनडातील तरुण तेथे जातात, दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, रोगशास्त्र घोकतात आणि रुग्णांशी संबंध येण्याची वेळ झाली की मुख्य भूमीवरील इस्पितळांत परततात. ग्रेनाडा बेटावर १९७६ मध्ये निघालेल्या महाविद्यालयातील अमेरिकी विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेचे कारण पुढे करून १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने त्या देशात सैन्य उतरविले. एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे नाव युद्धाच्या कारणमीमांसेत यावे, हा अपूर्व प्रकार. माँटसेराट बेटावरील महाविद्यालयास १९९५ मध्ये जागृत झालेल्या ज्वालामुखीमुळे सेंट मार्टिनला जावे लागले. डॉमिनिकातील महाविद्यालयाची तऱ्हा याहून चमत्कारिक: २०१७ च्या सप्टेंबरात मारिया या चक्रीवादळाने बेट उद्ध्वस्त केले, तेव्हा विद्यार्थ्यांना सेंट किट्सच्या बंदरात नांगरलेल्या एका जहाजावर बसवून शिकवण्यात आले, आणि पुढे ते महाविद्यालय बार्बाडोसला गेले ते तेथेच राहिले.

यातील एकही गोष्ट उपहासाने सांगितलेली नाही. त्या मुलांचे कष्ट खरे असतात, घरची ओढ खरी असते, आणि समुद्रकिनारा खिडकीतून दिसत असता पुस्तकात मान घालून बसण्यास जो निग्रह लागतो तोही खराच. परंतु महाविद्यालय एका बेटावरून उचलून दुसऱ्या बेटावर ठेवता येते, अभ्यासक्रमाचे एक पानही बदलत नाही, यातच सर्व आले. बेट हे तेथे केवळ आसन आहे. त्या आसनावर बसून पाहावयाचे ते दूरच्या मुख्य भूमीकडे. सेवाग्रामचे महाविद्यालय उद्या उचलून पुण्यास नेले तर इमारती, अध्यापक व ग्रंथ नेता येतील. पण अर्धा अभ्यासक्रम आसपासच्या खेड्यांच्या ओसऱ्यांवर मागे राहील.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. येथून शिकून गेलेले सर्वच जण खेड्यांत राहिले, असा दावा कोणी करू नये. नागपूर, मुंबई, दिल्ली आणि सातासमुद्रापलीकडील शहरे यांत सेवाग्रामचे माजी विद्यार्थी सुखाने नांदत आहेत, आणि तीस वर्षांनी एकत्र जमले म्हणजे त्यांना खादी कशी चुकविली याच्याच गोष्टी अधिक आठवतात. म्हणूनच १९९०च्या दशकात संस्थेने असा दंडक घातला की येथे पुढील पदव्युत्तर शिक्षण घ्यावयाचे असेल तर पदवीनंतर दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा केलेली असली पाहिजे. कॅरिबियन बेटावरील दोन वर्षे रोगी पाहण्यापूर्वीची, ही दोन वर्षे रोग्याखेरीज दुसरे काहीच न पाहण्याची. आसामच्या, ओडिशाच्या वा मेळघाटाच्या आडगावी एकट्याने काढलेली पहिली रात्र, दारात अडलेली बाळंतीण आणि सर्वांत जवळचा वरिष्ठ कित्येक कोसांवर, ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाच्या परीक्षेहून कडक असते. काहींनी ती टाळली. काही तीत असे रमले की परतलेच नाहीत.

गावांचीही एक कैफियत आहे, आणि ती कमी महत्त्वाची नाही. दरवर्षी नवे पोट्टे येतात, तेच प्रश्न विचारतात, बोटातून रक्त घेतात, लेकरांना तराजूत टांगतात; कागद भरतात आणि कागद जातात. ‘मागच्या वर्षी सांगितलं ना जी’ असे वैतागून म्हणणारी म्हातारी चुकीचे बोलत नसते. गाव म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे विद्यार्थ्याला सांगावे लागते, आणि अध्यापकांनी स्वतःलाही वेळोवेळी सांगावे लागत असेल. २०२२ पासून राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने देशातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यास काही कुटुंबे दत्तक घेण्याचा नियम लागू केला आहे. भोर समितीने १९४६ मध्ये ‘सामाजिक वैद्य’ घडविण्याची जी शिफारस केली होती, तिला कागदावरून अंगणात उतरण्यास पाऊणशे वर्षे लागली. आता शेकडो महाविद्यालयांची मुले बसगाड्या भरभरून खेड्यांत जातील. त्यांतल्या किती जणांना ओसरीवर अर्धा तास बसू दिले जाईल, यावर त्या नियमाचे भवितव्य अवलंबून आहे. बसगाडीचा चालक मागे उभा राहून भोंगा वाजवीत असेल तर कुटुंब दत्तक घेता येत नाही.

डॉ. सुशीला नय्यर यांचे ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्रामातच निधन झाले. १५ खाटांचे ते रुग्णालय आता हजाराच्या आसपास खाटांचे झाले आहे, आणि वर्ध्याबरोबर यवतमाळ, चंद्रपूर, अगदी तेलंगणाच्या सीमेवरून रोगी तेथे येतात. सकाळी बाह्यरुग्ण विभागापुढे रांगा लागतात. पिशवीत भाकरी, पदराच्या गाठीला जुन्या चिठ्ठ्या, सोबत एक लेकरू, अशी एखादी बाई त्या पांढऱ्या खादीच्या गर्दीत आपले ‘डाक्टर पोट्टे’ शोधीत फिरते. चार वर्षांपूर्वी तिच्या ओसरीवर बसून जे चहा प्याले, ते आता कोठे असतील तिला ठाऊक नसते. नाव तिला कधी नीट उच्चारताच आले नव्हते. मग ती समोरून येणाऱ्या कोणत्याही खादीधारी मुलाला थांबवते आणि आपल्या गावाचे नाव सांगून म्हणते, ‘मी तुमच्या गावची हाओ, बाबू.’ तो मुलगा, ते गाव आपल्या तुकडीचे नव्हते हे पुरते ठाऊक असूनही, तिच्या हातातली चिठ्ठी घेतो.